बोगदे, परित्यक्त लोहमार्गीय

लोहमार्गासाठी डोंगरातून किंवा जमिनीखालून खोदलेला, परंतु वाहतूक कायमची बंद झाल्यामुळे मूळ कामासाठी न वापरला जाणारा बोगदा म्हणजे परित्यक्त लोहमार्गीय बोगदा होय. लोहमार्ग बंद झाल्यावर रूळ, शिलिपाट, सिग्नल व पोलादी पूल काढून विकता येतात किंवा दुसरीकडे वापरता येतात. बोगदा मात्र हलविता येत नाही आणि सहजासहजी नष्टही करता येत नाही. त्यामुळे लोहमार्गाच्या सर्व बांधकामांत बोगदा हेच सर्वांत चिरस्थायी अंग ठरते व त्याची जबाबदारी गाड्या थांबल्यावरही कोणावर तरी राहतेच. हा बोगदा बुजवावा, बंद करून ठेवावा की अन्य कामासाठी वापरावा, हा प्रश्न जगातील अनेक जुन्या लोहमार्गांच्या बाबतीत निर्माण झालेला आहे.

उभारणी : इंग्लंडमधील कँटरबरी-व्हिट्स्टेबल लोहमार्गावरील टायलर हिल बोगदा १८३० मध्ये वाहतुकीस खुला झाला. प्रवासी गाड्या जाणाऱ्या आद्य बोगद्यांत त्याची गणना होते. त्यानंतरच्या तीन दशकांत बोगदे खोदण्याची पद्धत साधारणपणे एकच होती. डोंगराच्या माथ्यावरून आखलेल्या रेषेवर ठिकठिकाणी उभे कूपक (विहिरीसारखी विवरे) खणीत व त्यांच्या तळापासून दोन्ही दिशांना खोदकाम करीत. पहारीने खडकात भोके पाडून त्यांत बंदुकीची दारू ठासून सुरुंग उडवीत. बोगदा पूर्ण झाल्यावर काही कूपक धूर बाहेर जाण्यासाठी ठेवीत व उरलेले बुजवून टाकीत. या बुजविलेल्या कूपकांचा पुढे धोका कसा झाला, ते खाली दिले आहे.

या कामाची मानवी किंमत फार मोठी होती. मँचेस्टर व शेफील्ड यांच्या दरम्यान पेनाइन डोंगररांगेखालून गेलेला सु. ४·८ किमी. लांबीचा पहिला वुडहेड बोगदा १८४५ मध्ये पूर्ण झाला. त्याच्या खोदकामात ३२ कामगार मृत्युमुखी पडले व १४० गंभीर जखमी झाले, असे त्या काळी नोंदविण्यात आले. आरोग्यसुधारक एडविन चॅडविक यांनी हा विषय लावून धरला आणि १८४६ मध्ये ब्रिटिश संसदेच्या निवड समितीने लोहमार्ग-कामगारांच्या स्थितीची चौकशी केली. परंतु तिच्या शिफारशींचे कायद्यात रूपांतर झाले नाही. शेजारचा दुसरा बोगदा खोदला जात असता १८४९ मध्ये पटकीच्या साथीत आणखी २८ कामगार मरण पावले. अमेरिकेत सिएरा नेव्हाडा पर्वतातील डॉनर खिंडीजवळचा ५०६ मी. लांबीचा शिखर बोगदा चिनी मजुरांनी १८६६-६७ मध्ये कठीण ग्रॅनाइट फोडून काढला. तेथे बंदुकीच्या दारूबरोबर नायट्रोग्लिसरीनही वापरण्यात आले.

महाराष्ट्रात याच काळात ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेने बोर घाटाचे काम हाती घेतले. जेम्स जॉन बर्कली हे या कंपनीचे मुख्य अभियंता होते. १८५६ मध्ये सुरू झालेला हा मार्ग २१ एप्रिल १८६३ रोजी खुला झाला. सु. २५ किमी. अंतरात ५५८ मी. चढण चढणाऱ्या या मार्गावर २५ बोगदे होते व त्यांची एकूण लांबी सु. ३·६ किमी. भरत असे. १८६१ मध्ये येथे एका वेळी ४२,००० पर्यंत मजूर काम करीत होते. थकलेल्या मजुरीवरून १८५९ मध्ये येथे दंगल झाली. त्याच वर्षी नवे कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल भारतात आल्यावर थोड्याच दिवसांत मरण पावले आणि त्यांची पत्नी ॲलिस ट्रेडवेल यांनी कंत्राट पुढे चालवून पुरे केले. पटकी, ताप व अपघात यांनी हजारो मजूर दगावले. अभियंते व कंत्राटदार यांची नावे इतिहासात राहिली. मजुरांपैकी बहुतेकांची नावे कोठेही नोंदलेली नाहीत. त्यांनी फोडलेला कातळ हेच त्यांचे स्मारक होय.

त्यागाची कारणे : बोगदे सोडून देण्यामागे मुख्यतः तीन कारणे आढळतात. पहिले कारण म्हणजे आखणीतील बदल. आरंभीच्या एंजिनांची ओढण्याची शक्ती मर्यादित असल्याने घाटात अनेक ठिकाणी उलटफेर स्थानके करावी लागली. अशा स्थानकात गाडी शिरल्यावर एंजिन दुसऱ्या टोकास जोडून ती उलट दिशेने पुढे नेली जाई. बोर घाटात खंडाळ्याजवळ असे स्थानक होते. कल्याण-पुणे मार्गाच्या विद्युतीकरणाच्या वेळी, १९२९ मध्ये, नवी आखणी करून ते वगळण्यात आले व जुन्या मार्गाचा तेवढा भाग निकामी झाला. थळ घाटातील उलटफेर स्थानकही पुढे काढून टाकण्यात आले. ऑस्ट्रेलियातील ग्लेनब्रुक बोगदा १८९२ मध्ये अशाच एका नागमोडी मार्गाला पर्याय म्हणून बांधला गेला. परंतु तीव्र चढ, कोंडणारा धूर आणि झिरपत्या पाण्याने निसरडे होणारे रूळ यांमुळे तो १९१३ मध्येच सोडून द्यावा लागला.

धूर ही वाफेच्या एंजिनांच्या काळातील मोठीच अडचण होती. जपानमधील उसुई खिंडीतील मार्ग १८९३ मध्ये सुरू झाला. त्यावर २६ बोगदे होते व तीव्र चढामुळे तेथे दाते असलेल्या मधल्या रुळाची योजना केलेली होती. धुराच्या त्रासामुळे या मार्गाचे १९१२ मध्येच विद्युतीकरण करावे लागले. इंग्लंडमधील बाथजवळच्या कोम डाउन या १,६७२ मी. लांबीच्या बोगद्याला वायुवीजनासाठी एकही कूपक नव्हता. १९२९ मध्ये तेथे एका मालगाडीचे चालक धुराने बेशुद्ध पडले, गाडी उतारावरून अनियंत्रित सुटली आणि झालेल्या अपघातात तीन माणसे मरण पावली.

दुसरे कारण आर्थिक होय. मोटार वाहतुकीच्या स्पर्धेमुळे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात यूरोप व अमेरिकेत हजारो किमी. लोहमार्ग बंद झाले. कोम डाउन बोगदा १९६६ मध्ये व अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याचा ३·६ किमी. लांबीचा स्नोक्वाल्मी बोगदा १९८० मध्ये याच लाटेत बंद पडला. तिसरे कारण नैसर्गिक आपत्तीचे. बलुचिस्तानातील चप्पर रिफ्ट या अरुंद दरीतून १८८७ मध्ये नेलेला मार्ग १९४२ च्या पुरात वाहून गेला व पुन्हा बांधण्यात आला नाही. यांशिवाय क्वचित मोजणीतील चुकीमुळे बोगदा अर्धवट राहतो. कालका-सिमला मार्गावरील बरोग येथे दोन टोकांकडून खणत आलेले भाग एकमेकांस मिळाले नाहीत, अशी आख्यायिका सांगतात. तेथील सध्याचा बोगदा त्यानंतर वेगळ्या जागी खोदलेला आहे.

देखभाल व धोके : वापरात नसलेला बोगदा निरुपद्रवी असतो, ही समजूत चुकीची आहे. वापरातील बोगद्याची नियमित तपासणी होते, गटारे साफ राहतात व अस्तराच्या सुट्या झालेल्या विटा वेळीच बसविल्या जातात. हे थांबले की प्रथम निचरा बंद पडतो. साचलेले पाणी अस्तरामागील दाब वाढविते, चुना विरघळून सांधे पोकळ होतात व थंड प्रदेशात गोठणाऱ्या पाण्याने विटा फुटतात.

मँचेस्टरजवळील क्लिफ्टन हॉल बोगद्यात २८ एप्रिल १९५३ रोजी बांधकामाच्या वेळचा, बुजविलेला व विस्मृतीत गेलेला एक कूपक कोसळला. त्यावर बांधलेली घरे खचून पाच माणसे मृत्युमुखी पडली. वर उल्लेखिलेला टायलर हिल बोगदा १९५० नंतर थोड्याच वर्षांत बंद झाला आणि त्यावरील टेकडीवर केंट विद्यापीठाच्या इमारती उभ्या राहिल्या. १९७४ मध्ये बोगद्याचा काही भाग ढासळून विद्यापीठाच्या एका इमारतीचा मध्यभाग खचला व पाडावा लागला. पुढे ती पोकळी औष्णिक वीजकेंद्रातील राखेने भरण्यात आली. दोन्ही घटनांतून एकच निष्कर्ष निघतो : बोगद्याचे नकाशे व कूपकांच्या नोंदी जपणे हे बोगदा जपण्याइतकेच महत्त्वाचे आहे.

पुनर्वापर : बोगद्याच्या आतील तापमान व आर्द्रता वर्षभर जवळजवळ स्थिर राहतात, तेथे अंधार असतो, वारा-पाऊस लागत नाही आणि चढ सौम्य असतो. या गुणांवरच त्याचे नवे उपयोग आधारलेले आहेत.

साठवण व शेती हे सर्वांत जुने उपयोग होत. एडिंबरो येथील स्कॉटलंड स्ट्रीट बोगदा १८६८ मध्ये बंद झाल्यावर त्यात अळिंबीची लागवड करण्यात आली. दुसऱ्या महायुद्धात तोच हवाई हल्ल्यापासून आसऱ्यासाठी वापरला गेला. ग्लेनब्रुक बोगद्यातही अळिंबी पिकविली गेली व युद्धकाळात तेथे रासायनिक अस्त्रे साठविली होती. जपानच्या यामानाशी प्रांतात कात्सुनुमा येथील विटांचा, सु. १·१ किमी. लांबीचा बोगदा १९९७ मध्ये बंद झाला. २००५ पासून त्याचा द्राक्षमद्य मुरविण्याचे तळघर म्हणून उपयोग होतो.

दुसरा उपयोग पादचारी व सायकलमार्गांचा. कोम डाउन बोगदा २०१३ मध्ये सायकलस्वारांसाठी उघडण्यात आला. उसुई खिंडीतील जुन्या मार्गाच्या सु. ६ किमी. भागात दहा बोगद्यांतून पायवाट काढलेली आहे व तेथील विटांचा कमानी पूल राष्ट्रीय सांस्कृतिक ठेवा म्हणून संरक्षित आहे. स्नोक्वाल्मी बोगदाही अशाच वाटेचा भाग बनला. मात्र छताचे काँक्रीट निखळू लागल्याने २००९ मध्ये तो बंद करून दुरुस्तीनंतर २०११ मध्ये पुन्हा उघडावा लागला. पुनर्वापर म्हणजे एकदाच केलेला खर्च नव्हे, हे या उदाहरणावरून दिसते.

तिसरा उपयोग संशोधनाचा. इंग्लंडमधील नॉर्दॅम्प्टनशरमधील केट्सबी बोगदा सरळ रेषेत २·७ किमी. लांब आहे. १९६६ मध्ये बंद झालेल्या या बोगद्याचे २०२१ मध्ये मोटारगाड्यांवरील वाताचा रोध मोजण्याच्या प्रयोगशाळेत रूपांतर करण्यात आले. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील एका लोहमार्गाचे काम १८८५ मध्ये अर्धवट सोडले गेले; त्याच्या सहा बोगद्यांतून १९४० मध्ये मोटारींचा महामार्ग नेला. वाहतूक वाढल्यावर त्यांपैकी तीन बोगदे पुन्हा सोडून दिले गेले.

परित्यक्त बोगदे वटवाघळांच्या शीतनिद्रेची ठिकाणेही बनतात. तेथे माणसांचा वावर सुरू करताना हंगामी निर्बंध घालणे किंवा तोंडाशी वटवाघळांना ये-जा करता येईल अशी जाळी बसविणे आवश्यक ठरते.

परस्परविरोधी उपयोग : एक उपयोग स्वीकारला की दुसऱ्याची शक्यता संपते, हे वुडहेडच्या उदाहरणावरून दिसते. विद्युत् गाड्यांसाठी तेथे तिसरा, दुहेरी मार्गाचा बोगदा १९५३ मध्ये पूर्ण करण्यात आला. १९७० मध्ये प्रवासी व १९८१ मध्ये मालवाहतूक बंद झाली. म्हणजे हा नवा बोगदा पुरती तीन दशकेही वापरात राहिला नाही. दरम्यान जुन्या दोनपैकी एका बोगद्यातून ४०० किलोव्होल्ट दाबाच्या विद्युत् तारा नेलेल्या होत्या. त्या जुन्या झाल्यावर २००८ ते २०१२ या काळात नव्या तारा तिसऱ्या बोगद्यात बसविण्यात आल्या. हा मार्ग पुन्हा सुरू व्हावा अशी मागणी करणाऱ्यांनी यास विरोध केला, परंतु तो मान्य झाला नाही. तारांमुळे डोंगरावरील मनोऱ्यांची रांग टळली, हा लाभ खरा. पण पेनाइन पार करणारा सर्वांत आधुनिक लोहमार्गीय बोगदा गाड्यांना दुरावला, हेही तितकेच खरे. यॉर्कशरमधील २·३ किमी. लांबीच्या क्वीन्सबरी बोगद्याच्या बाबतीत संबंधित शासकीय कंपनीने २०१९ मध्ये तो काही भागात बुजविण्यासाठी परवानगी मागितली, तर स्थानिक नागरिकांनी सायकलमार्गाचा आग्रह धरला. बुजविण्याने धोका कमी होतो, परंतु ती कृती जवळजवळ कायमची असते.

भारतातील स्थिती : भारतात मार्ग बंद पडण्यापेक्षा त्याची आखणी किंवा माप बदलणे हेच बोगदे सोडण्याचे प्रमुख कारण आहे. इंदूर संस्थानचे दुसरे तुकोजीराव होळकर यांनी १८७० मध्ये दिलेल्या एक कोटी रुपयांच्या कर्जातून खांडवा-इंदूर हा मीटरमापी मार्ग उभा राहिला. त्याचे रुंदमापी रूपांतर करताना घाटात नवी आखणी करावी लागली. जुन्या मार्गाच्या पाताळपाणी-कालाकुंड या बोगदे असलेल्या भागावर २०१८ मध्ये पर्यटकांसाठी वारसागाडी सुरू करण्यात आली. जुना मार्ग लोहमार्ग म्हणूनच राखण्याचे हे उदाहरण लक्षणीय आहे.

सह्याद्रीतील परिस्थिती यूरोपपेक्षा वेगळी आहे. येथील बेसाल्ट खडक कठीण असल्याने बोगदे सहसा आपल्या भारानेच उभे राहतात. मात्र मुसळधार पाऊस, दरडी व तोंडाशी वाढणारी झाडी यांपासून त्यांना धोका पोहोचतो. येथे कोणत्याही पुनर्वापराचा आरंभ निचऱ्यापासून व प्रवेशमुखावरील उताराच्या बंदिस्तीपासून करावा लागेल. त्याआधी प्रत्येक सोडलेल्या बोगद्याचे मापन, छायाचित्रण व मूळ नकाशांचे जतन होणे इष्ट आहे. बोर घाटातील जुन्या आखणीचे अवशेष एका मोठ्या श्रमाची साक्ष देतात. ते करणाऱ्यांची नावे उपलब्ध नसल्याने या अवशेषांची नोंद ठेवण्याची निकड अधिकच आहे.