पडद्यावरचा उसना चेहरा

काही वर्षांपूर्वी आमच्या प्रयोगशाळेतल्या जुन्या संगणकांवर आम्ही लिनक्स बसवले. नव्या विंडोजला त्यांची स्मृती पुरत नव्हती आणि चालते संगणक भंगारात काढायला मन घेत नव्हते. उन्हाळी शिबिराला येणारे शिक्षक बिचकू नयेत म्हणून एक युक्तीही केली. पडद्याच्या तळाशी पट्टी, डाव्या कोपऱ्यात बटण, खिडकीच्या उजव्या टोकाला फुली, असा सगळा थाट विंडोजसारखा केला. पहिला तास सुरळीत गेला. मग एका बाईंनी विचारले, “सर, यातला सी ड्राइव्ह कुठे गेला?”

उत्तर देताना आमची जरा तारांबळच उडाली. चेहरा बदलणे इतके सोपे आणि ड्राइव्ह आणणे इतके अवघड का, हे सांगायचे तर चाळीस वर्षे मागे जावे लागते.

१९८४ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत ‘अथेना’ नावाचा प्रकल्प चालू होता. वेगवेगळ्या कंपन्यांचे संगणक जोडून ते विद्यार्थ्यांना वापरायला द्यायचे होते. त्यांच्या पडद्यांवर खिडक्या काढण्यासाठी बॉब शाइफ्लर आणि जिम गेटिस यांनी ‘एक्स’ ही प्रणाली रचली. एक्सचे काम मर्यादित ठेवले होते. रेघा, ठिपके, अक्षरे पडद्यावर काढायची आणि माउस व कळफलकावर काय घडले ते प्रोग्रॅमना कळवायचे. खिडकीची चौकट कशी दिसावी, ती बंद करायचे बटण कुठे असावे, यात एक्सने पडायचे नाही. ते काम ‘विंडो मॅनेजर’ या वेगळ्या प्रोग्रॅमचे. थोडक्यात, साधन पुरवायचे, धोरण लादायचे नाही. त्याच वर्षी बाजारात आलेल्या मॅकिन्टॉशमध्ये मात्र खिडक्यांचे रूप कंपनीनेच ठरवून दिलेले होते.

ही फारकत डोळ्यांनी पाहता येते. एक्सवर चालणाऱ्या लिनक्समध्ये दोनतीन प्रोग्रॅम उघडे ठेवून विंडो मॅनेजर बंद करा. चौकटी आणि बटणे नाहीशी होतात, खिडक्या उघड्याबोडक्या पडतात, पण आतले प्रोग्रॅम चालूच राहतात. दुसरा मॅनेजर सुरू केला की त्याच खिडक्यांना नवी चौकट चढते. वरच्या वर्गातील मुलांना हा प्रयोग जरूर दाखवावा. मात्र चालू काम आधी साठवून घ्यावे.

१९९३ साली रॉबर्ट नेशन यांनी ‘टीडब्ल्यूएम’ या जुन्या मॅनेजरमध्ये काटछाट करून कमी स्मृतीत चालणारा ‘एफव्हीडब्ल्यूएम’ तयार केला. त्याचे रंग, चौकटीची जाडी, मेन्यू हे सारे एका साध्या मजकुराच्या फाईलीत लिहिलेले असे. प्रोग्रॅमिंग न येणाराही ती फाईल उघडून खटपट करू शके. २४ ऑगस्ट १९९५ रोजी विंडोज ९५ आले आणि थोड्याच काळात त्याची नक्कल करणारा ‘एफव्हीडब्ल्यूएम ९५’ लिनक्सवर दिसू लागला.

आमच्या मते याहून रंजक नक्कल नेक्स्टची. अ‍ॅपल सोडल्यावर स्टीव्ह जॉब्ज यांनी काढलेल्या या कंपनीचा संगणक १९८८ मध्ये आला. किंमत ६,५०० डॉलर, म्हणजे सामान्य विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेरची. पण त्याचा पडदा देखणा होता. १९९० मध्ये टिम बर्नर्स-ली यांनी पहिला वेब ब्राउझर लिहिला तो याच संगणकावर. १९९३ मध्ये कंपनीने यंत्रे बनवणे थांबवले. लिनक्सवाल्यांनी मात्र ते रूप उचलले. आधी ‘आफ्टरस्टेप’ आला, मग १९९७ मध्ये आल्फ्रेदो कोजिमा यांचा ‘विंडो मेकर’. नेक्स्टच्या प्रणालीचा गाभा पुढे अ‍ॅपलच्या मॅक ओएस एक्समध्ये गेला, पण तिथे चेहरा बदलला. जुना चेहरा पाहायचा तर आज विंडो मेकर बसवावा. मूळ वस्तू दुर्मीळ झाली आणि नकलेने तिची आठवण राखली.

ही चोरी नव्हे का? हा प्रश्न न्यायालयातही गेला होता, पण तो लिनक्समुळे नव्हे. १९८८ मध्ये अ‍ॅपलने मायक्रोसॉफ्टवर दावा लावला. पडद्यावरील १८९ घटकांची नक्कल झाली, असे अ‍ॅपलचे म्हणणे. त्यांपैकी १७९ घटक १९८५ च्या करारात मोडतात, असे न्यायालयाने ठरवले; उरलेल्यांवरही अ‍ॅपलला मक्तेदारी मिळाली नाही. १९९४ मध्ये अपिलातही निकाल अ‍ॅपलच्या विरोधातच गेला. गंमत अशी की, खिडक्या आणि माउस यांची कल्पना त्याआधीच झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात १९७३ च्या ‘आल्टो’ संगणकावर साकार झाली होती. रूपापेक्षा नाव उसने घेणे अधिक जोखमीचे. ‘लिंडोज’ नावाने लिनक्स विकणाऱ्या कंपनीवर मायक्रोसॉफ्टने २००१ मध्ये दावा केला. ‘विंडोज’ हा शब्द मुळात सर्वसामान्यच आहे, हा मुद्दा तिथे अडचणीचा ठरू लागला. अखेर २००४ मध्ये मायक्रोसॉफ्टने २ कोटी डॉलर देऊन तडजोड केली आणि त्या कंपनीने लिंडोज हे नाव सोडले.

आता सी ड्राइव्ह. पूर्वी फ्लॉपीच्या खाचांना ए आणि बी ही अक्षरे दिलेली असत, म्हणून हार्ड डिस्कच्या वाट्याला सी आले. फ्लॉपी गेली, तरी अक्षर राहिले. लिनक्सने युनिक्सची रीत उचलली. तिथे सगळ्या फाईली एकाच झाडावर असतात, त्याचे मूळ म्हणजे एक तिरकी रेघ, आणि पेन ड्राइव्ह लावला की तोही त्याच झाडाची एक फांदी होतो. ही रचना विंडो मॅनेजरच्या हातातली नव्हे. त्यामुळे चौकट कितीही हुबेहूब रंगवली तरी झाड झाडच राहते.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा संपला. विंडोज ११ ला न चालणारे संगणक अनेक शाळांत आहेत, तेव्हा लिनक्सला विंडोजचा वेष चढवावा का, असे आम्हाला वरचेवर विचारले जाते. पहिल्या दिवसाची भीती जाते, हे खरे. पण ओळखीच्या चेहऱ्यामुळे माणूस आतली ओळखीची रचना शोधत बसतो आणि ती सापडली नाही की संगणक बिघडला असे समजतो. पुढच्या शिबिरात आम्ही तळाची पट्टी तेवढी ठेवली, बाकीचा वेष उतरवला आणि पहिल्याच तासाला फळ्यावर फाईलींचे झाड काढले. त्याच बाई पुन्हा आल्या होत्या. खडू मागून घेऊन त्यांनी त्या झाडाला आपल्या पेन ड्राइव्हची फांदी काढली आणि तिच्यावर सहावी ‘अ’ची गुणपत्रके टांगली.