आधी वीज की आधी पैसे?

नाशिकच्या जुन्या वाड्यांत जिन्याखाली काळ्या पेट्यांची एक रांग असे. प्रत्येक पेटीच्या काचेआड ॲल्युमिनियमची तबकडी फिरताना दिसे. घरातला पंखा लावला की तिचा वेग वाढे, दिवे मालवले की ती संथ होई. त्या पेटीला आपण मीटर म्हणतो आणि मोजणे एवढेच तिचे काम आहे असे समजतो. खरे तर मीटरपुढे नेहमी दोन प्रश्न असतात. किती वीज वापरली, हा पहिला. पैसे केव्हा द्यायचे, हा दुसरा. पहिला प्रश्न भौतिकशास्त्राचा आहे, दुसरा विश्वासाचा. गेल्या काही वर्षांत नाशिकमध्ये आणि सगळ्या महाराष्ट्रात हा दुसरा प्रश्न ऐरणीवर आला. त्याचा इतिहास मात्र सव्वाशे वर्षांहून जुना आहे.

१८८२ मध्ये एडिसनने न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर वीजकेंद्र सुरू केले. ग्राहकांची वीज मोजण्यासाठी त्याने काचेची भांडी वापरली. त्यांत झिंक सल्फेटचे द्रावण आणि जस्ताच्या पट्ट्या असत. विद्युत्प्रवाहाचा ठरावीक लहानसा अंश या द्रावणातून जाई. फॅरेडेच्या नियमानुसार एका पट्टीवरचे जस्त विरघळून दुसरीवर जमे. महिन्याने कंपनीचा माणूस पट्ट्या काढून नेई आणि त्यांच्या वजनातील फरकावरून बिल तयार होई. रसायनशास्त्राच्या दृष्टीने ही पद्धत चोख होती, पण ग्राहकाला त्या भांड्याकडे पाहून काहीच कळत नसे. वीज उधार मिळे, हिशेबाची वही मात्र एकट्या दुकानदाराच्या हाती!

ही अडचण फिरत्या मीटरने दूर केली. १८८८ मध्ये अमेरिकेत शॅलेनबर्गरने आणि १८८९ मध्ये बुडापेस्टच्या गांझ कारखान्यात ओटो ब्लाथीने प्रत्यावर्ती प्रवाहासाठी असे मीटर बनवले. पुढे रूढ झालेल्या मीटरमध्ये एक वेटोळे व्होल्टतेचे आणि दुसरे प्रवाहाचे असते. दोहोंच्या चुंबकीय क्षेत्रांमुळे तबकडीत भोवरी प्रवाह निर्माण होऊन ती फिरते, आणि एक कायमचुंबक तिला आवर घालतो. त्यामुळे तबकडीचा वेग वापरल्या जाणाऱ्या शक्तीच्या प्रमाणात राहतो. तिचे फेरे दातेरी चाके मोजतात आणि युनिटचा आकडा पुढे सरकतो. एक युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास, अर्थात ३६ लाख ज्यूल. आता हिशेबाची वही दोन्ही बाजूंना वाचता येऊ लागली. महिनाभर वीज वापरायची, आकडा पाहायचा आणि मग पैसे भरायचे, ही पद्धत या मीटरबरोबर रुजली.

याच सुमारास इंग्लंडमध्ये दुसरी वाट निघाली, आणि ती निघाली गॅसपासून. गॅस कंपन्यांना कामगारवस्त्यांत गिऱ्हाईक हवे होते, पण आठवड्याच्या मजुरीवर जगणाऱ्या कुटुंबाला तीन महिन्यांचे बिल एकदम भरणे जड जाई. म्हणून नाणे टाकण्याचे मीटर आले. खाचेत एक पेनी टाकली की तेवढ्या किमतीचा गॅस मिळे, आणि तो संपला की झडप आपोआप बंद होई. १८९० च्या दशकात हे मीटर झपाट्याने पसरले. ज्या घरांना कोणी उधार देत नव्हते तिथे गॅस पोहोचला, हा त्यांचा मोठा गुण. पण यंत्रणेचा खर्च भरून काढण्यासाठी या ग्राहकाला दर सहसा जास्त पडे, आणि स्वयंपाक अर्धवट असताना पेनी नसली तर चूल विझे. विजेसाठीही पुढे असेच मीटर निघाले.

विसाव्या शतकाच्या अखेरीस नाण्याची जागा आकड्यांनी घेतली. दक्षिण आफ्रिकेत लाखो नव्या घरांना वीज द्यायची होती. अनेकांना धड पत्ता नव्हता, बँकेत खाते नव्हते. तिथे दुकानातून वीस अंकी संकेतांक विकत घेऊन तो मीटरच्या बटणांवर दाबायची पद्धत रूढ झाली. एकच संकेतांक दोनदा वापरता येऊ नये म्हणून त्यात एक मिनिटांची मोजणी दडवलेली असते. १ जानेवारी १९९३ पासून किती मिनिटे झाली, ती संख्या. या संख्येला २४ बिट दिलेले होते. म्हणजे २ चा २४ वा घात, १,६७,७७,२१६ मिनिटे, सुमारे ३१.९ वर्षे. ही मोजणी २४ नोव्हेंबर २०२४ रोजी संपली. त्याआधी प्रत्येक मीटरमध्ये खास संकेतांक घालून घड्याळ नव्या आरंभाला आणावे लागले. ज्या मीटरचे हे राहून गेले, त्याने नवे संकेतांक नाकारले. बिटांचा धडा शिकवताना याहून चांगले उदाहरण क्वचितच मिळेल.

आता आपल्याकडे येऊ. नाशिकजवळ एकलहरे येथील औष्णिक केंद्राचे पहिले संच १९७०-७१ मध्ये सुरू झाले. अशा केंद्रात कोळसा आधी जळतो, मग घरात दिवा लागतो, आणि पैसा सर्वांत शेवटी येतो. हा पैसा थकला की वीज कंपनी अडचणीत येते. यावर उपाय म्हणून केंद्र सरकारने डिसेंबर २०२० मधील ग्राहक-हक्क नियमांत नव्या जोडणीला प्रीपेड मीटर हा सर्वसाधारण नियम केला, आणि ऑगस्ट २०२१ मध्ये जुने मीटर बदलण्याचे वेळापत्रक काढले. त्यानुसार महावितरणने २०२३ मध्ये राज्यभरातील मीटरची कंत्राटे दिली. नाशिक आणि जळगाव परिमंडळांच्या वाट्याला २८.८६ लाख मीटर होते. देखभालीसह खर्च मीटरमागे सुमारे १२ हजार रुपये. ग्राहक संघटनांनी विरोध केला आणि जून २०२४ मध्ये राज्य सरकारने जाहीर केले की सामान्य घरगुती ग्राहकांकडे स्मार्ट प्रीपेड मीटर बसवणार नाही. त्यानंतर स्मार्ट मीटर आले, पण ‘टीओडी’ या नावाने आणि महिन्याअखेरच्या बिलाने. टीओडी म्हणजे दिवसाच्या वेळेनुसार दर.

मग प्रीपेडऐवजी बिलाचा मीटर असला की नेमके काय बदलते? आधी पैशाचा हिशेब करू. घराला महिन्याला १,००० रुपयांची वीज लागते असे समजा. प्रीपेड ग्राहकाकडून सुरक्षा ठेव मागता येत नाही, असे २००३ चा वीज कायदा सांगतो. बिलाच्या ग्राहकाला मात्र आपल्या राज्यात सरासरी दोन महिन्यांच्या बिलाइतकी, म्हणजे २,००० रुपये ठेव ठेवावी लागते. तिच्यावर त्याला व्याज मिळते. आता महिनाभराचा वापर, बिल येऊन ते भरण्याची मुदत आणि थकल्यास नोटिशीचे १५ दिवस, असे सारे धरले तरी दोन महिन्यांहून थोडाच अधिक काळ होतो. म्हणजे कंपनीची बहुतेक सगळी उधारी ठेवीने झाकलेली असते. आपण ज्याला उधारीचा मीटर म्हणतो, त्याचेही पैसे बव्हंशी आधीच दिलेले असतात!

खरा फरक दुसरीकडे आहे. बिलाच्या ग्राहकाची थकबाकी झाली, तर कायद्याच्या कलम ५६ प्रमाणे पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस दिल्याशिवाय वीज तोडता येत नाही. या १५ दिवसांत चुकीच्या बिलावर तक्रार करता येते, पगाराची वाट पाहता येते. प्रीपेड मीटरमध्ये हे काम आतला रिले करतो. शिल्लक संपली की तो परिपथ खंडित करतो. सायंकाळी ६ ते सकाळी १० या वेळात वीज जाणार नाही, असे महावितरणने त्या वेळी सांगितले होते. म्हणजे यंत्राच्या घाईला माणसाचा नियम घालावाच लागला.

पूर्वी पद्धत बदलायची तर पेटीच बदलावी लागे. स्मार्ट मीटरमध्ये तो रिले आतच राहतो. दुरून एक आज्ञा पाठवली की तोच मीटर बिलाचा होतो किंवा प्रीपेड होतो. म्हणून कोणत्याही दिशेने बदल होताना घरमालकाने तीन गोष्टी लिहून घ्याव्यात : त्या दिवशीचे वाचन, उरलेली शिल्लक आणि ठेवीचा हिशेब.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मात्र वर्गालाही तपासता येईल. इलेक्ट्रॉनिक मीटरवर युनिटमागे दिव्याच्या उघडझापीचा आकडा छापलेला असतो. तो ३,२०० असेल आणि फक्त १०० वॅटचा एकच बल्ब चालू असेल, तर उघडझाप सुमारे सव्वाअकरा सेकंदांनी एकदा व्हायला हवी. विद्यार्थ्यांना घड्याळ घेऊन आपापल्या घरी मोजू द्या. एडिसनच्या ग्राहकाला ही सोय नव्हती. मोजमाप कसे तपासायचे हे ज्याला ठाऊक आहे, तो पैसे आधी दिले काय नि नंतर दिले काय, हिशेब विचारू शकतो.