तंजावरचा दत्तक

तंजावराहून पूर्वेस कुंभकोणमकडे निघाले, म्हणजे सुमारे पंचवीस किलोमीटरांवर पापनाशम नावाचे गाव लागते. कावेरीच्या फाट्यांनी भिजलेला भातशेतीचा मुलूख, नायक राजांच्या काळातले विटांचे प्रचंड धान्यकोठार, आणि रामाने पापक्षालनासाठी 108 शिवलिंगे स्थापिली अशी ज्याची कथा सांगतात ते देवालय, एवढे ह्या गावाचे वैभव. मराठी यात्रेकरू येथे क्वचितच उतरतो. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर हे गाव भोसल्यांच्या दोन घरांच्या मधोमध उभे होते. पश्चिमेस तंजावरच्या किल्ल्यात दत्तक पुत्र सरफोजी गादीवर होता. पूर्वेस, कुंभकोणमच्या पलीकडे तिरुविडैमरुदूर येथे, जुन्या मराठी कागदांत ज्याला मध्यार्जुन म्हणतात तेथे, गादीवरून उतरविलेला त्याचा चुलता अमरसिंह राहत होता. पन्नासेक किलोमीटरांच्या ह्या अंतरात एका मुलाच्या दत्तविधानाची सारी कथा सामावली आहे.

शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी ह्यांनी स्थापिलेल्या ह्या राज्याला अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात फार वाईट दिवस आले. 1773 मध्ये अर्काटच्या नबाबाने कंपनीच्या फौजेच्या बळावर तंजावर घेतले, राजा तुळजाजी कैदेत पडला, आणि 1776 मध्ये त्याच कंपनीने त्याला पुन्हा गादीवर बसविले. राज्य परत मिळाले, पण वंश चालवील असे आपले मूल त्याला उरले नाही. तेव्हा 1787 च्या जानेवारीत, स्वतःचा अंत जवळ आला असताना, त्याने भोसले कुळाच्याच एका शाखेतील मुलगा मांडीवर घेतला. सरफोजीचा जन्म 24 सप्टेंबर 1777 चा. म्हणजे त्या वेळी त्याला दहावे वर्ष चालू होते.

मुलाला सांभाळायचे कोणी, हा प्रश्न तुळजाजीपुढे होता. तरंगंबाडीच्या डॅनिश मिशनतर्फे आलेला श्वार्ट्झ हा जर्मन पाद्री तंजावरात राहत असे व राजाचा त्याच्यावर विश्वास होता. राजाने मुलाचा हात त्याच्या हाती देऊ केला. श्वार्ट्झने एकट्याने तो भार घेण्याचे नाकारले आणि राजाचा सावत्र भाऊ अमरसिंह ह्यालाच पालक नेमावे असा सल्ला दिला. सल्ला सद्‌हेतूचा होता, ह्यात संशय नाही. पण मूल नसते तर ज्याला राज्य मिळायचे, त्याच्याच पदरात ते मूल घातले गेले. पुढच्या सहा वर्षांचे दुःख ह्या एका निर्णयातून निघाले.

तुळजाजी वारला तेव्हा अमरसिंहाने दत्तविधानच अमान्य केले. मद्रासचा गव्हर्नर सर आर्चिबाल्ड कॅम्बेल ह्याने पंडितांची सभा बोलाविली. मुलाचे वय जास्त आहे, तो आपल्या जन्मदात्याचा एकुलता एक आहे, आणि राजाची बुद्धी आजाराने ठिकाणावर नव्हती, अशा कारणांवरून दत्तक अशास्त्र ठरला. अमरसिंह गादीवर बसला.

आता शास्त्र ह्याविषयी एकच बोलत होते असे नाही. एकुलता पुत्र देऊ नये व घेऊ नये असे वसिष्ठाचे वचन आहे खरे. वयाच्या पाचव्या वर्षानंतर दत्तक घेऊ नये असेही दत्तकमीमांसाकार नंदपंडित सांगतो. उलट, महाराष्ट्रात ज्याच्या ग्रंथाला मान, तो व्यवहारमयूखाचा कर्ता नीलकंठभट्ट विवाहित व पुत्रवान पुरुषासही दत्तक घेता येते असे म्हणतो. एकुलत्या मुलाचा प्रश्न तर इतका चिवट की, लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलाने त्याचा निकाल 1899 मध्ये केला, व असा दत्तक वैध ठरविला. ज्या मुद्द्यावर विद्वान शतकानुशतके भांडत होते, त्याचा निर्णय तंजावरात एका सभेत लागला, तो केवळ शास्त्राच्या बळावर लागला असे मानणे कठीण आहे.

आणि ह्या साऱ्यात मूल कोणाचे झाले? दत्तक गेलेला पुत्र जनकाच्या घराला परका होतो. त्याचे पिंडदान, त्याचा वारसा सारे नव्या घराशी जोडले जाते. नव्या घराने त्याला नाकारले की तो दोन्ही उंबऱ्यांबाहेर पडतो. सरफोजी राहिला राजवाड्यातच, पण कैद्यासारखा. त्याला शिक्षण नाही, मोकळी हवा नाही, अशा तक्रारी श्वार्ट्झने कंपनीकडे वारंवार केल्या. आपल्याच सल्ल्याचे फळ तो पाहत होता.

अखेर 1793 मध्ये त्या मुलाने तंजावर सोडले. त्याच्याबरोबर निघाल्या तुळजाजीच्या दोन विधवा राण्या, म्हणजे नात्याने त्याच्या आया. कावेरीचे फाटे ओलांडून, तीनशे किलोमीटरांहून अधिक वाट तुडवून हे कुटुंब मद्रासला, कंपनीच्या मुलखात गेले. दत्तक म्हणजे परक्या घरचे मूल आपल्या घरी आणणे. येथे ते मूल आपले आहे हे सिद्ध करण्यासाठी आयांनीच घर सोडून परमुलूख गाठला. राज्याच्या इतिहासात ह्या दोघींना एखाददुसऱ्या ओळीपेक्षा अधिक जागा मिळालेली नाही. ज्याला पंडितांनी नाकारले होते त्या मुलाशी असलेले नाते त्यांनी मात्र सोडले नाही, आणि त्याचा हक्क कंपनीपुढे मांडीत राहिल्या. मद्रासेत श्वार्ट्झ व त्याचा सहकारी गेरिके ह्यांच्या देखरेखीखाली मुलाचे शिक्षण झाले.

प्रकरण मग कलकत्त्यास गेले. बंगाल आणि काशी येथील पंडितांची मते मागविण्यात आली आणि ह्या खेपेस दत्तक सशास्त्र ठरला. मधल्या काळात अमरसिंहाकडे कंपनीचे देणे थकले होते व त्याच्या कारभारावर तिची मर्जी उरली नव्हती, हे विसरून चालणार नाही. 29 जून 1798 रोजी सरफोजी गादीवर बसला. श्वार्ट्झ हे पाहावयास राहिला नाही. तो त्याच वर्षी फेब्रुवारीत वारला होता. त्याचा संगमरवरी स्मारकपट सरफोजीने इंग्लंडात फ्लॅक्समन ह्या शिल्पकाराकडून करवून घेतला. तो तंजावरच्या चर्चमध्ये आहे.

ह्या न्यायाची किंमतही लवकरच चुकवावी लागली. 25 ऑक्टोबर 1799 च्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला. राजाकडे किल्ला, उत्पन्नाचा पाचवा हिस्सा आणि एक लाख होनांची नेमणूक राहिली. अमरसिंह मध्यार्जुनी 1802 मध्ये वारला.

गादी मिळाल्यावर सरफोजीने काय केले, ते पाहण्याजोगे आहे. 1803 मध्ये बृहदीश्वराच्या देवळात त्याने भोसले वंशाचा इतिहास मराठीत दगडावर कोरवून घेतला. तो बाबूराव चिटणीसाने रचला. तसे पाहिले तर राजे लोक वंशावळी कोरवितातच. परंतु ज्याच्या वंशावरच सभा भरल्या होत्या, त्याने हे अक्षर कागदावर न ठेवता दगडावर ठेवले, ह्याचे कारण फार खोल शोधावे लागत नाही. ज्याला कोंडवाड्यात पुस्तक मिळाले नाही, त्याने सरस्वती महालाचा ग्रंथसंग्रह वाढविला, छापखाना काढला, आणि 1806 मध्ये त्या छापखान्यातून इसापच्या गोष्टींचे मराठी भाषांतर 'बालबोध मुक्तावली' बाहेर पडले. 1820 च्या सुमारास तो मोठ्या लवाजम्यानिशी काशीयात्रेस गेला. ज्या काशीच्या पंडितांनी त्याला त्याच्या बापाचा मुलगा ठरविले, ती नगरी त्याने तेव्हा डोळ्यांनी पाहिली व तिच्या घाटांची चित्रे बरोबर आणली.

सरफोजी 1832 मध्ये वारला. त्याचा औरस पुत्र शिवाजी 1855 मध्ये पुत्रावाचून गेला. पुन्हा तोच प्रश्न उभा राहिला. पण ह्या वेळी कंपनीने पंडितांना विचारलेच नाही. राज्य संपले असे जाहीर करून तिने खाजगी मालमत्तेवरही ताबा बसविला. थोरली राणी कामाक्षीबाई न्यायालयात गेली. 1859 मध्ये प्रिव्ही कौन्सिलाने निकाल दिला की, हे सार्वभौम सत्तेचे कृत्य होय व त्यात न्यायालयास हात घालता येत नाही.