पैनगंगेचे दोन काठ

लहान गावाला इतिहास नसतो, असे आपण सहज म्हणून जातो. इंग्लंडातल्या नदीकाठच्या खेड्याला तसे म्हणता येत नाही. तिथे 1538 साली हुकूम निघाला आणि बाप्तिस्मा, लग्न, दफन यांची नोंद चर्चच्या वहीत होऊ लागली. पुढे गावचा पाद्री किंवा मास्तर ती वही उघडून गावाचा चरित्रकार झाला. आमच्या ढाणकीसारख्या गावाचा जन्ममृत्यू कोतवाल-बुकात, जमीन पटवाऱ्याच्या दप्तरात आणि उरलेले सारे म्हाताऱ्यांच्या जिभेवर. पण आम्हांला एक साक्षीदार आहे : पैनगंगा.

ढाणकी हे उमरखेड तालुक्यातले बाजाराचे गाव. नदी दक्षिणेला, गांजेगावपाशी. अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावून ती वर्धेला जाऊन मिळते. अकबराच्या काळी माहूर हे वऱ्हाड सुभ्याचे एक सरकार होते. माहूर तर नदीपलीकडे! म्हणजे नदी ओलांडली तरी वऱ्हाड संपत नसे.

नदीची सरहद्द झाली ती 1853 मध्ये. फौजेच्या खर्चापायी निजाम कर्जात बुडाला आणि वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात गेले. अलीकडे इंग्रजी, पलीकडे मोगलाई. गंमत अशी, की कागदोपत्री दोन्ही काठ निजामाचेच! 1902 साली वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडे गेले, तरी मालकी निजामाची राहिली आणि 1936 मध्ये त्याच्या वारसाला 'वऱ्हाडचा युवराज' हा किताबही मिळाला. वऱ्हाडातल्या शेतकऱ्याने सारा मात्र इंग्रजाला भरला.

सरहद्द म्हणजे नकाशावरची रेघ नव्हे. ती माणसाच्या कनवटीला कळते. इकडे कलदार रुपया, तिकडे हाली शिक्का. सात हाली द्यावे तेव्हा साधारण सहा कलदार मिळत. माल नदीपार न्यायचा तर करोडगिरीचा नाका आडवा येई. इकडचा मुलगा मराठीत शिके. तिकडच्या मुलाला पुढे शिकायचे तर उर्दू. घरी दोघांची आई एकाच बोलीत अंगाई म्हणे. लेकी मात्र कोणत्याही नाक्याला न जुमानता इकडून तिकडे नांदायला जात, तिकडच्या इकडे येत.

1947-48 मध्ये या काठांचे खरे मोल कळले. रझाकारांचा जाच वाढला तशी पलीकडची कुटुंबे भांडीकुंडी, गुरेढोरे घेऊन वऱ्हाडच्या हद्दीत आली. अलीकडच्या मुलखात लढ्याची सरहद्द-शिबिरे उभी राहिली. जी नदी इतकी वर्षे आडवी आली होती, ती ओलांडताच जीव भांड्यात पडे. 13 सप्टेंबर 1948 रोजी भारतीय फौजा हैदराबाद राज्यात शिरल्या आणि 17 तारखेला निजाम शरण आला. 1 नोव्हेंबर 1956 रोजी दोन्ही काठ मुंबई राज्यात एकत्र आले आणि 1 मे 1960 रोजी महाराष्ट्रात. शतकभराची सरहद्द दोन विभागांमधली शीव होऊन राहिली.

शीव उरली, पण ओढही उरली. वर्गात मी कधी विचारतो, "कुणाचे मामा नदीपलीकडे?" हात भराभरा वर होतात, हिमायतनगर, हदगाव अशी नावे येतात. हिमायतनगरला वाढोणा म्हणणारी आजी अजून एखाद्या घरात असते. पावसाळ्यात गांजेगावच्या पुलावरून पाणी गेले, की सासर-माहेर पुन्हा दोन मुलूख होतात.

1948 साल समजत्या वयात पाहिलेली माणसे आता नव्वदीच्या घरात आहेत. ती गेली, की दप्तरात फक्त तहाच्या तारखा उरतील. अंधारात नदी उतरताना कडेवर कोणते मूल होते, हे सांगायला कुणी उरणार नाही. भाऊबीजेला घर भरलेले असते. वाचकहो, फराळ झाल्यावर घरातल्या सर्वांत वडील माणसाजवळ बसा, वही घ्या आणि विचारा, "तुम्ही नदी केव्हा ओलांडलीत?" गावाचा इतिहास तिथूनच लिहायचा आहे.