दिसणार नाही ते काढू नका

आभासी वास्तवाचा टोप डोक्यावर चढवला, की आपण मान वळवू तसे समोरचे दृश्य बदलते. हे दृश्य आधी काढून ठेवलेले नसते. मान कुठे वळेल हे कोणालाच ठाऊक नसते. म्हणून संगणकाला ते त्या क्षणी, दोन्ही डोळ्यांसाठी वेगवेगळे काढावे लागते. त्याला उशीर झाला तर मान वळल्याचे आंतरकर्ण सांगतो, पण डोळे त्याला दुजोरा देत नाहीत; मग मळमळू लागते. म्हणजे येथे वेग ही चैन नसून गरज आहे. ती कशी भागवली गेली ते पाहू.

अमेरिकेतील आयव्हन सदरलँड यांनी १९६८ साली अशा साधनाचे वर्णन प्रसिद्ध केले. डोळ्यांसाठी दोन लहान कॅथोड किरण नलिका आणि डोक्याची हालचाल मोजण्यासाठी छतापासून आलेला दांडा, अशी त्याची रचना होती. त्या काळच्या सर्वसाधारण संगणकांना हा हिशेब वेळेत जमत नव्हता. म्हणून खास मंडले जोडली गेली. त्यांपैकी एक मंडल नजरेच्या चौकटीबाहेरचा रेषेचा भाग छाटून टाकी. सेकंदाला ३० वेळा ३००० रेषा काढता येत. म्हणजे एका रेषेला जेमतेम ११ मायक्रोसेकंद! वस्तूंचे नुसते तारेचे सांगाडे दिसत. पुढच्या बाजूआड लपणाऱ्या रेषा वगळणे त्या वेगात परवडणारे नव्हते.

सदरलँड यांच्या टोपावर काम केलेल्या जेम्स क्लार्क यांनी १९७६ साली पुढची काटकसर मांडली. वस्तू दुप्पट दूर गेली की तिची प्रतिमा पडद्यावर चौथाई जागा व्यापते. मग दूरच्या इमारतीची प्रत्येक खिडकी कशासाठी काढायची? एकाच वस्तूची बारीक आणि ढोबळ अशी अनेक वर्णने ठेवावीत व अंतर पाहून त्यांतले एक निवडावे.

२०१६ साली बाजारात आलेल्या ऑक्युलस रिफ्टमध्ये प्रत्येक डोळ्यासमोर १०८० × १२०० चित्रबिंदू होते आणि चित्र सेकंदाला ९० वेळा बदले. दोन डोळ्यांचा गुणाकार करून पाहा: सेकंदाला २३ कोटींहून अधिक बिंदू! यंत्रे वेगवान झाली, तशी मागणीही वाढली.

आता आपल्या डोळ्याकडे वळू. या ओळीतील एका शब्दावर नजर खिळवा आणि ती न हलवता चार शब्दांपलीकडचा शब्द वाचून पाहा. जमत नाही, कारण दृष्टिपटलावरील पीतबिंदूच्या लहानशा भागातच बारकावे टिपले जातात. २०२३ सालच्या प्लेस्टेशन व्हीआर २ या टोपात नजरेचा मागोवा घेण्याची सोय आहे. तिच्या आधारे नजर असेल तेथे चित्र रेखीव काढता येते आणि कडेला ढोबळ.

छाटणी असो, ढोबळ वर्णन असो की नजरेचा मागोवा, प्रत्येक वेळी प्रश्न एकच होता: पाहणाऱ्याला खरोखर काय दिसते? तो सोडवताना समरूप त्रिकोणांचे गणित आणि डोळ्याची रचना दोन्ही उपयोगी पडली. वर्गात हे दोन धडे वेगळ्या तासांना येतात. वरच्या प्रयोगाने ते एकत्र शिकवता येतील, असे आम्हाला वाटते.