गुरूच्या पेशी, शिष्याची लस

मुंबईच्या प्लेगाची कथा खरी सुरू होते ती सिसिलींतील मेसिना येथें. १८८२ मध्यें मेच्निकॉफ यांनीं तारामाशाच्या पारदर्शक अळींत गुलाबाचा कांटा खुपसला, तों त्याभोंवतीं भटक्या पेशींचा गराडा पडला. या भक्षक पेशी. त्यांचेच शिष्य हाफकीन यांनीं मुंबईस ग्रँट मेडिकल कॉलेजांत प्लेगाची लस तयार केली व १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःसच टोंचून घेतली. ताप आला, तो त्यांनीं सोसला.

मौज अशी, कीं प्लेगाचा जंतु गुरूच्या भक्षक पेशींच्या पोटांतहि जिवंत राहूं शकतो. शिष्याच्या लसीनें जागें झालें तें मुख्यतः दुसरेंच सैन्य, लसिकापेशींचें. त्यांतील बी-पेशींपासून प्रतिद्रव्यें होतात, टी-पेशी त्यांस व भक्षकांसहि चेतवितात, आणि कांहीं पेशी शत्रूची ओळख मनांत धरून राहतात. हा भेद उलगडला १९६० नंतर. हाफकीन १९३० सालींच वारले होते.