कागद तगला, कागद्यांचं काय?

पुण्याच्या कसबा पेठेत कागदीपुरा आहे. पेशवाईत जुन्नरहून आलेले मुस्लिम कागदी इथे वसले. मूळ धंदा जुन्नरचा. जुनी गोणपाटं कुटायची, चुन्यात मुरवायची, नदीत धुवायची. मग हौदात लगदा कालवून चाळणीवर ताव उचलायचा, भिंतीवर वाळवायचा, खळ लावून दगडाने घोटायचा. या कामात अख्खं घर राबे. पेशवे दप्तराची रुमालं सोडली की जुन्नरी कागद आजही हाती लागतो. त्यावर लिहिणाऱ्या कारकुनांची नावं सापडतात, तो बनवणाऱ्यांची नाही.

1818 मध्ये पेशवाई गेली आणि मोठं गिऱ्हाईक तुटलं. नंतर स्वस्त विलायती कागद आला, पाठोपाठ गिरण्यांचा. टिकाऊपणामुळे सावकारी वह्यांपुरती मागणी काही काळ तगली, एवढंच.

पुढे 1934 मध्ये गांधीजींच्या पुढाकाराने ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, 1940 मध्ये पुण्यात हातकागद संस्था उभी राहिली. आज हातकागदाच्या लग्नपत्रिका, वह्या, पिशव्या पाहून ‘कला पुन्हा जिवंत झाली’ असं कौतुकाने सांगतात. कागद तगला हे खरं, आणि त्या प्रयत्नांचं मोल मी नाकारत नाही. पण लगदा आता यंत्रात होतो, माल होजिअरीच्या सुती चिंध्यांचा, आणि केंद्र शिवाजीनगरला. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात निदान जुन्या वस्तीतच काम चालू राहिलं. जुन्नरच्या कागद्यांच्या वाट्याला यातलं काय आलं? कसब्यात पेठेच्या पोटात एक नाव उरलं, आणि काही घरांत आडनाव.